शिरोलीचं कास्टिंग स्टुटगार्टला कसं सापडतं?

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत एक फाउंड्री आहे असं धरा. तिथे पंपाच्या आवरणाचं कास्टिंग होतं. वजन चाळीस किलो, आत पाण्यासाठी वळत वळत रुंद होत जाणारी पोकळी, आणि भिंत सगळीकडे एकाच जाडीची. ही पोकळी घडवणारा कोअर साच्यात जरा सरकला की एक बाजू जाड, दुसरी पातळ. मग तो नग पुन्हा भट्टीत. तिथल्या मिस्त्रींनी हे काम वर्षानुवर्षं हातात बसवलेलं आहे.

पण हे कास्टिंग हवं कोणाला? तुम्हाला नको, मला नको. जगातल्या आठशे कोटी माणसांतून ज्यांना त्याची गरज आहे आणि ज्यांच्या सहीने ते विकत घेतलं जातं, अशी माणसं निवडायला बसलात तर फार थोडी निघतील. त्यातला एक जण, समजा, स्टुटगार्टजवळच्या पंप कारखान्यात खरेदी विभागात काम करतो. त्याने शिरोलीचं नाव कधी ऐकलेलं नाही, आणि शिरोलीच्या मालकाला त्याचा पत्ता माहीत नाही. तरीही आज हे दोघे अर्ध्या सेकंदात समोरासमोर येऊ शकतात. कारखान्याची वेबसाइट ही पुष्कळ उद्योजकांना अजून व्हिजिटिंग कार्डासारखी, असावी म्हणून असणारी वस्तू वाटते. त्या अर्ध्या सेकंदात काय काय घडतं हे एकदा पाहिलं, की तसं वाटणं शक्य नाही.

आधी हे दोघे एकमेकांना कसे सापडत? कोल्हापुरात ते पायी चालत घडायचं. उसाला पाणी द्यायला ऑइल इंजिनं आली, ती बिघडू लागली, दुरुस्तीची दुकानं निघाली, आणि सुटा भाग बाहेरून येईतो पिकाला थांबता येत नाही म्हणून तो भाग इथेच ओतायला लोक शिकले. उद्यमनगरात पॅटर्न करणारा, ओतणारा, लेथवर घासणारा आणि गिऱ्हाईक एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर होते. जाहिरातीची गरजच नव्हती. अमुक मिस्त्रीचा हात चांगला आहे, एवढं चहाच्या टपरीवर कळलं की काम झालं.

हाकेच्या अंतरापलीकडे मात्र माणूस आंधळा होता. एजंट होते, प्रदर्शनं होती. जर्मनीत हानोफरचा मेळा १९४७ पासून भरतो; ड्युसेलडॉर्फला फाउंड्रीवाल्यांचं 'गिफा' प्रदर्शन चार वर्षांतून एकदा भरतं. अमेरिकेत हार्वे मार्क थॉमस यांनी १८९८ साली कारखान्यांची सूची छापायला घेतली आणि 'थॉमस रजिस्टर'चे ते जाडजूड हिरवे खंड तिथल्या खरेदी अधिकाऱ्यांच्या कपाटांत शंभरहून अधिक वर्षं राहिले. २००६ मध्ये त्यांची छपाई थांबली. मला त्या खंडांबद्दल आदर आहे. पण त्यात तुम्ही सापडायचात ते संपादकाने पाडलेल्या मथळ्याखाली. 'कास्टिंग्ज, आयर्न' या मथळ्याखाली नावांची लांबलचक ओळ, आणि त्यात वळणाऱ्या पोकळीतला तज्ज्ञ कोण हे ओळखायची सोय नाही.

आता यंत्राकडे येऊ. शोधयंत्राचा क्रॉलर नावाचा प्रोग्रॅम रात्रंदिवस जगभरची पानं वाचत हिंडतो. एका पानावरच्या दुव्यावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर. वाचलेलं तो साठवतो, पण पानांच्या क्रमाने नव्हे. जाड ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते, शब्दापुढे पृष्ठक्रमांक. तशीच ही सूची, फक्त ग्रंथ म्हणजे सगळं जग. प्रत्येक शब्दापुढे तो शब्द असलेल्या पानांची यादी तयारच असते. म्हणून तुम्ही शोध घेता तेव्हा यंत्र जग धुंडाळत बसत नाही. ते काम आधीच झालेलं असतं. त्याला फक्त काही याद्या उचलून एकमेकींवर ठेवायच्या असतात.

खरी गंमत पुढे आहे. स्टुटगार्टच्या माणसाने पाच-सहा शब्द टाकले. त्यातला कोणता शब्द महत्त्वाचा हे यंत्राला कसं कळावं? त्याचा मूळ न्याय १९७२ साली केंब्रिजमधल्या कॅरन स्पार्क जोन्स या विदुषीने मांडला. तो इतका साधा आहे की आधी कोणाला सुचला कसा नाही याचं नवल वाटतं: जो शब्द थोड्या पानांत येतो, त्याचं वजन जास्त. समजा शंभर कोटी पानं आहेत. 'क्वालिटी' हा शब्द त्यातल्या दहा कोटी पानांवर आहे. शंभर कोटीला दहा कोटीने भागलं की दहा येतात; दहाचा लॉगॅरिदम १. आता एखाद्या विशिष्ट प्रकारच्या पंप आवरणाचं तांत्रिक नाव फक्त हजार पानांवर आहे. भागाकार दहा लाख, लॉगॅरिदम ६. म्हणजे त्या एका अवघड नावाचं वजन 'क्वालिटी'च्या सहापट.

हे गणित पहिल्यांदा समजलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. बाजाराचा जुना नियम असा, की ज्याचा माल सगळ्यांना लागतो त्याचा आवाज मोठा. साबणवाला टीव्हीवर जाहिरात करू शकतो. पंपाचं आवरण ओतणाऱ्याने ती कोणाला दाखवायची? इथे तो नियम उलटला. तुमचं काम जितकं आडवळणाचं, जितकं कमी लोकांना ठाऊक, तितके तुमचे शब्द दुर्मीळ आणि तितकं तुम्हाला शोधून काढणं सोपं. आजची शोधयंत्रं या न्यायाच्या पुष्कळ पुढे गेली आहेत. शब्दांमागच्या अर्थाचा अंदाज बांधणारी मॉडेल्स ती वापरतात. तरी नेमक्या शब्दाचं मोल कमी झालेलं नाही.

आता आपल्याकडच्या कारखान्यांच्या वेबसाइट उघडून पाहा. हस्तांदोलन करणाऱ्या दोन अनोळखी हातांचा फोटो. 'लीडिंग मॅन्युफॅक्चरर', 'बेस्ट क्वालिटी', 'कस्टमर सॅटिस्फॅक्शन'. कोटी-कोटी पानांवरचे, वजन उतरलेले शब्द. आणि जिच्यावरून जर्मनीतून शोध लागला असता ती खरी माहिती, म्हणजे भट्टी किती टनांची, वाळू कोणती, जास्तीत जास्त किती किलोचं कास्टिंग ओतता, कोणता ग्रेड ओतता, ती एक तर नाहीच किंवा ब्रोशरच्या फोटोत अडकलेली. फोटोतली अक्षरं यंत्राला साध्या मजकुराइतकी भरवशाने वाचता येत नाहीत. वर्षानुवर्षांची कारागिरी सूचीत चढतच नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण चूक कामात नसते, कामाची नोंद न करण्यात असते.

ग्रेडचंच पाहा. एसजी आयर्न, म्हणजे ओतताना किंचित मॅग्नेशियम घालून केलेलं बिडाचं भाऊबंद. साध्या बिडात ग्रॅफाइट पापुद्र्यांच्या रूपात असतं आणि तडा त्या पापुद्र्यांच्या कडेने धावतो. मॅग्नेशियममुळे तेच ग्रॅफाइट गोल गोळ्यांचं रूप धरतं आणि ठिसूळ धातू चिवट होतो. भारतीय मानकात याच्या एका ग्रेडला 'एसजी ५००/७' म्हणतात: ताणशक्ती किमान ५०० मेगापास्कल, तुटण्याआधी लांबण्याची क्षमता किमान ७ टक्के. त्याच दर्जाला युरोपात 'ईएन-जीजेएस-५००-७' असं लिहितात. स्टुटगार्टचा माणूस दुसरं नाव टाइप करणार. तुमच्या पानावर दोन्ही नावं असतील तर तुम्ही त्याच्या समोर. नसतील तर तुमचं लोखंड तेच असून तुम्ही त्याच्या जगातच नाही.

समजा सापडलात. पुढचा प्रश्न विश्वासाचा. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला आणि पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं असं: गिऱ्हाइकाला चांगला माल आणि वाईट माल यांतला फरक ओळखता येत नसेल, तर तो सगळ्यांनाच मधला भाव देतो. त्या भावात चांगल्या मालाच्या मालकाला परवडत नाही, तो बाजारातून बाहेर पडतो, आणि उरतो वाईट माल. 'पार्टी रेट पाडून मागते' ही तक्रार एमआयडीसीच्या प्रत्येक गेटवर ऐकू येते. तिच्या मुळाशी बऱ्याचदा हेच असतं. पार्टी दुष्ट नसते, तिला फरक दिसत नसतो.

फरक दाखवायचा तर असं काहीतरी दाखवावं लागतं, जे वाईट माल करणाऱ्याला दाखवता येणार नाही. मायक्रोस्कोपखाली घेतलेला तुमच्या एसजी आयर्नचा फोटो घ्या: पांढुरक्या पार्श्वभूमीवर काळे, गोल, सारखे विखुरलेले ग्रॅफाइटचे गोळे. सामान्य वाचकाला त्यात काही दिसणार नाही. जाणकार खरेदीदार त्या एका फोटोवर थांबेल. गोळे गोल आहेत की वेडेवाकडे यावरून तुमचा मॅग्नेशियमचा हात त्याला कळतो. त्याच्या शेजारी स्पेक्ट्रोमीटरचा नमुना अहवाल, मोजमापाच्या मशीनची नोंद, आयएसओ प्रमाणपत्र वाचता येईल अशा रूपात, आणि भट्टीसमोर उभ्या तुमच्याच माणसांचा खरा फोटो. विकत घेतलेले हसरे चेहरे नकोत. हेही लक्षात घ्या, की त्या खरेदीदाराला एकट्याला निर्णय घेता येत नाही. त्याला डिझाइनवाल्यांना, गुणवत्ता विभागाला, वरच्या साहेबांना पटवायचं असतं. एन्क्वायरीपासून सॅम्पलपर्यंत आणि सॅम्पलपासून ऑर्डरपर्यंत महिनोन्‌महिने जातात. त्या सगळ्या बैठकांत तुम्ही नसता. तिथे तुमची बाजू मांडायला फक्त तुमचं पान असतं.

ते पान तिथे पोहोचतं कसं, हेही एकदा ऐकावं. १८७० साली 'ग्रेट ईस्टर्न' या प्रचंड जहाजाने मुंबईपासून एडनपर्यंत समुद्रतळाशी तारेची केबल टाकली आणि मुंबईचा कापूस बाजार लंडनशी थेट जोडला गेला. आज मुंबईच्याच किनाऱ्यावर काचेच्या तंतूंच्या केबल्स उतरतात. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. शिरोलीहून स्टुटगार्टपर्यंतची वाट केबलच्या वळणांसकट दहा हजार किलोमीटर धरली, तर जायला पन्नास मिलिसेकंद, यायला पन्नास. पण मजकूर लगेच निघत नाही. आधी दोन्ही संगणकांची ओळख, मग गुप्ततेच्या किल्ल्यांची देवाणघेवाण, मग मागणी: साधारण तीन हेलपाटे. पहिलं अक्षर येण्याआधीच सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. त्यावर पान जड फोटोंनी भरलेलं असेल तर माणूस वाट पाहत बसतो, आणि शेजारच्या टॅबमध्ये इटलीतली फाउंड्री उघडलेली असते. उपाय आहे, आणि तो महाग नाही: पानाची एक प्रत युरोपातल्याच सर्व्हरवर ठेवायची, म्हणजे हेलपाटा काही मिलिसेकंदांवर येतो.

या बाबतीत अमेरिकेतल्या मॅकमास्टर-कार या कंपनीची वेबसाइट सगळ्यांनी अभ्यासावी असं मी आग्रहाने म्हणेन. कंपनी १९०१ सालची. ती विकते नटबोल्ट, वॉशर, पाइप जोडण्या, असल्या सात लाखांहून अधिक वस्तू. पानावर झगमगाट काही नाही. पण माउस दुव्यावर नुसता टेकला की क्लिक व्हायच्या आतच पुढचं पान आणायला सुरुवात होते, त्यामुळे पान उघडतं ते जणू आधीपासून तिथेच होतं. आणि बहुतेक वस्तूंचं त्रिमितीय कॅड मॉडेल तिथून उतरवून घेता येतं. यातली दूरदृष्टी पाहा. इंजिनिअर आपल्या डिझाइनमध्ये बोल्ट बसवायला ते मॉडेल घेतो. बोल्टचा क्रमांक त्याच्याबरोबर ड्रॉइंगमध्ये येतो, ड्रॉइंगमधून सामानाच्या यादीत, यादीतून खरेदी विभागात. विक्रीचं बोलणं झालंच नाही आणि माल ठरला. सांगली-कोल्हापूरकडचे व्हॉल्व्ह, कपलिंग, पुली बनवणारे आपले कारखाने हे उद्यापासून करू शकतात. मॉडेल त्यांच्या डिझाइनच्या संगणकात तयारच असतं.

जाहिरातीच्या पैशाबद्दल लहान कारखानदार घाबरतो, मोठ्यांशी बोली कशी लावणार म्हणून. इथेही आत एक सुंदर गणित आहे. १९६१ साली विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने अशा लिलावाचा अभ्यास मांडला, ज्यात जिंकणारा स्वतःची नव्हे, त्याच्या खालच्या क्रमांकाची बोली भरतो. त्यांना १९९६ मध्ये नोबेल मिळालं. गुगलवर शोधाबरोबर दिसणाऱ्या जाहिरातींचा लिलाव याच कुळातला, आणि त्यात आणखी एक भर आहे: फक्त बोलीची रक्कम पाहिली जात नाही, जाहिरात आणि तिच्यामागचं पान शोधणाऱ्याच्या कामाचं किती आहे हेही तोललं जातं. म्हणून नेमकं पान असलेला छोटा कारखाना कमी पैशात मोठ्याच्या वर बसू शकतो. आणि पैसे जातात ते कोणी क्लिक केलं तरच. हमरस्त्यावरच्या होर्डिंगला अशी अट घालता येत नाही.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो उलटा प्रवाह. गुगलचं सर्च कन्सोल नावाचं फुकट साधन तुम्हाला दाखवतं, की लोकांनी कोणते शब्द टाकले तेव्हा तुमचं पान त्यांच्यापुढे आलं. समजा तुम्ही बिडाची आवरणं ओतता, आणि तुमच्या पानापर्यंत लोक स्टेनलेसची आवरणं शोधत येताहेत. तुमच्याकडे ती नाहीत. पण जगात कुठेतरी ती हवी आहेत, हे एजंटाच्या आधी, प्रदर्शनाच्या आधी तुम्हाला कळलं. पुढची भट्टी कोणती घ्यायची याचा विचार करताना यापेक्षा मोलाची माहिती कुठली?

यावर कोणी म्हणेल, हे सगळं अमेरिकेचं खूळ, आपल्या मातीतलं नाही. उलट आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या माळरानावर, पुढच्या किर्लोस्करवाडीत, कारखाना उभारला. त्यांचा लोखंडी नांगर घ्यायला शेतकरी तयार नव्हते. लोखंडाने जमीन नासते असा समज होता. माल उत्तम, पण पटवायचं कसं? १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' नावाचं नियतकालिक काढलं. कारखान्याची माहिती त्यात होतीच. पण वाचकाला उपयोगी, विचार करायला लावणारा मजकूर त्यात येत गेला, आणि पुढे नावातली 'खबर' गळून 'किर्लोस्कर' हे मराठीतलं एक मानाचं मासिक झालं. १९३० मध्ये 'स्त्री', १९३४ मध्ये 'मनोहर' त्याच घरातून निघाली. अमेरिकेतही नांगरवाल्या जॉन डिअर यांच्या कंपनीने १८९५ साली शेतकऱ्यांसाठी 'द फरो' हे नियतकालिक सुरू केलं होतं. फ्रान्समध्ये मिशेलिन या टायर कंपनीने १९०० साली मोटारवाल्यांसाठी मार्गदर्शिका फुकट वाटली. माणसं हिंडली तर टायर झिजतील आणि नवे लागतील, हा हिशेब. आज ज्याला कंटेंट मार्केटिंग म्हणतात ते हेच, आणि किर्लोस्करवाडीत ते रेडिओही घरात नव्हता तेव्हा झालं. विकणाऱ्याने आधी शिकवावं, ही रीत कारखानदारीला नवी नाही. एसजी आयर्नला तडे का जातात, पातळ भिंतीचं कास्टिंग करताना डिझाइनमध्ये कोणता बदल केला तर खर्च वाचतो, हे तुमच्या फाउंड्रीतला अनुभवी माणूस दहा मिनिटांत सांगतो. ते लिहून ठेवलं, त्याचा मोबाइलवर व्हिडिओ केला, तर तो प्रश्न पडलेला जगातला प्रत्येक इंजिनिअर आधी तुमचा विद्यार्थी होतो, आणि गिऱ्हाईक व्हायला तिथून फार लांब जावं लागत नाही.

आता तर प्रश्न विचारला की उत्तर लिहून देणारी एआय साधनंही आली आहेत. तीही अशाच लिहिलेल्या पानांवरून शिकतात, त्यांतूनच शोधून सांगतात. जे कुठे लिहिलेलंच नाही, ते त्यांनाही सांगता येणार नाही.

कारखाना वडिलांचा असेल आणि तुम्ही नुकते त्यात उतरला असाल, तर वेबसाइट करणाऱ्याला फोन लावण्याआधी एक करा. वही घेऊन मोल्डिंगवरच्या सर्वांत जुन्या मिस्त्रींजवळ बसा. आपण काय ओततो, किती किलोपर्यंत, कोणत्या ग्रेडमध्ये, कुठे नग फेल जातो आणि तो आपण कसा वाचवतो, हे त्यांना विचारा आणि ते सांगतील त्याच शब्दांत उतरवून घ्या. वेबसाइटचं पहिलं पान त्या वहीतून करा.